शिळं कातडं चालणार नाही

आमच्या गल्लीत मला मुंडकेवाली म्हणतात. आधी पाठीमागं म्हणत, आता तोंडावर म्हणतात. म्हणू द्या. मी मुंडकी विकत नाही, शिजवत नाही आणि कुणाच्या दारात पुरतही नाही. मी बकऱ्याच्या गालाचं आतलं कातडं आणते, औषधाच्या कामासाठी. आजही आणते आणि उद्याही आणीन.

मी फार बोलणारी बाई नाही. चार माणसं समोर असली की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून या मुंडकेवालीचं उत्तर आजवर कुणाला दिलं नाही. कॉलेजच्या दिवाळी अंकासाठी मॅडम म्हणाल्या, "भामाबाई, तुमच्या कामावर चार पानं लिहा." मी नको म्हणाले. मग घरी आल्यावर वाटलं, अंकात नसलं तरी आपल्यापुरतं लिहून ठेवावं. कागद मध्येच तोंड घालत नाही, एवढं एक बरं.

नांदेडहून विष्णुपुरीकडं जाताना रस्त्यापासून जरा आत आमचं औषधशास्त्राचं कॉलेज आहे. तिथल्या प्रयोगशाळेत मी मदतनीस. भांडी घासायला लागले होते. काचेचं भांडं घासणं म्हणजे घरचं पातेलं घासणं नव्हे. साबणाचा जरा अंश राहिला तरी दुसऱ्या दिवशीचा प्रयोग खोटा येतो, आणि खोटा आला हे कुणाला कळतही नाही. घासून, शुद्ध पाण्यानं विसळून, पालथं घालून, वाळल्यावर उजेडासमोर धरायचं. थेंबाचा डाग दिसला की पुन्हा पहिल्यापासून. मला हे काम आवडलं. तिथं बोलावं लागत नव्हतं.

प्रयोगशाळा गायकवाड मॅडमची. त्या उमरीच्या. बाहेरच्या माणसाला वाटतं, संशोधन म्हणजे नवीन औषध शोधणं. मॅडम औषध शोधत नाहीत. औषध जुनंच असतं. ते शरीरात पोचवायचं कसं, हे त्या शोधतात. मला हे काही केल्या कळेना. एकदा त्यांनी विचारलं, "भामाबाई, तुमच्या आईनं औशाहून बसनं लाडवांचा डबा पाठवला, तर तुमच्यापर्यंत किती लाडू येतील?"

मी विचार केला. म्हणाले, "डबा यील."

मॅडम हसून हसून लाल झाल्या. "अगदी बरोबर. गोळीचं तसंच होतं. थोडं औषध पोटातलं आम्ल खातं, थोडं आतडं खातं, उरलेल्यातलं निम्मं लिव्हर खातं. दुखण्यापर्यंत पोचतो तो डबा. म्हणून मला ते गालातून पाठवायचंय. गालाच्या आत पट्टी चिकटवायची. तिथून सरळ रक्तात. वाटेत कुणी नाही."

"पण गोळी गिळायला काय हुतंय?"

"ज्याला गिळताच येत नाही, त्याचं काय?"

मी विसळलेलं भांडं पुन्हा विसळायला घेतलं.

पट्टी नखाएवढी असते. दुधाच्या सायीसारखी पातळ, पण आरपार दिसणारी. ती गालातून औषध सोडते की नाही, किती सोडते, हे माणसावर बघायच्या आधी बाहेर बघावं लागतं. बकऱ्याच्या गालाचं आतलं कातडं आपल्यासारखंच असतं. दोन तोंडाच्या काचेच्या भांड्यात ते मधोमध पडद्यासारखं ताणून बसवायचं. वरून पट्टी लावायची. खाली अंगाइतकं कोमट मिठाचं पाणी. ठरावीक वेळानं खालचं पाणी थोडं थोडं काढून तपासायचं. जेवढं औषध खाली उतरलं, तेवढं गालातून गेलं.

आता यातली मेख सांगते. कातडं ताजं पाहिजे. ताजं कातडं वॉचमनसारखं असतं, बघून बघून आत सोडतं. शिळं झालं की ते सगळ्यांना वाट देतं. औषध भराभर खाली उतरतं, आकडा झकास येतो, आणि तो साफ खोटा असतो. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "शिळं कातडं चालणार नाही. मिळालं नाही तर प्रयोग बंद. पण शिळं लावायचं नाही."

आणायला आधी एक शिपाई जायचा. तो म्हणाला, श्रावणात मी हे करणार नाही. मग भाद्रपदातही नाही म्हणाला. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी विचारलं नव्हतं, पण मी मान हलवली. का हलवली, कुणास ठाऊक. भांडी घासणाऱ्या बाईला कधी कुणी काही आणायला पाठवत नाही, म्हणून असेल.

आमच्या घरात मटण शिजत नाही. सासूबाई माळकरी. त्यांना मी आत्याबाई म्हणते. तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि स्वयंपाकघरात कांदासुद्धा बघून बघून. त्या घरची सून मी. सकाळी इतवाऱ्यातल्या खाटकाच्या दुकानापुढं पदर डोक्यावर ओढून उभी राहिले. दुकान रशीदभाईंचं. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल.

"क्या होना आपा? कलेजी?"

"गाल."

"क्या?"

"बकऱ्याचा गाल. आतला."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "पूरी मुंडी लेव ना. अकेला गाल कौन देता? और गाल का करते क्या?"

"औषध चिकटवून बघत्यात."

रशीदभाई मागं वळून पोरांना म्हणाले, "सुने क्या रे? मरे पिच्छे भी बकरा दवा खारा!" सगळं दुकान हसलं. मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. पण त्या माणसानं मला एका कडेला बसायला स्टूल दिलं, मुंडकं नीट उघडलं, आणि मी सांगितलं तसं आतलं कातडं हलक्या हातानं सोडवलं. पुढं पुढं मी जायच्या आधीच ते बाजूला काढून ठेवत नसत, मी आल्यावरच कापत. "शिळा नक्को ना तुमकू," म्हणत. त्यांना एकदा सांगितलेलं पुरलं.

कातडं मिठाच्या थंड पाण्यात, ते पाणी बाटलीत, बाटली बर्फाच्या डब्यात. तो डबा मांडीवर घेऊन मी टमटममध्ये बसायची. एकदा शेजारच्या बाईचं लेकरू डब्याकडं बोट करून रडायला लागलं. बाई म्हणाली, "द्या की वो मावशी एखादी कुल्फी. पैसे देते." मी नको नको म्हणत डबा छातीशी धरला. बाई चिडली. "एवढं काय सोनं हाय का त्यात?" समोर आमच्या गल्लीतला किराणा दुकानदार बसलेला. तो मोठ्यानं म्हणाला, "सोनं न्हाई, बकऱ्याचं थोबाड हाय. मी रोज बघतो ह्यांना खाटकाकडं." बाई लेकरासकट पुढच्या चौकात उतरली. संध्याकाळपर्यंत मी मुंडकेवाली झाले होते.

आत्याबाई आरडाओरडा करणाऱ्या नव्हत्या. त्या दिवशी मी दारात आल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "हात धुतलेस का?"

"धुतले."

"परत धू."

त्या दिवसापासून रोज हेच. मी चप्पल काढायच्या आत प्रश्न तयार. शेजारपाजारच्या बायांसमोर जरा मोठ्या आवाजात. त्यांनी आपला तांब्या वेगळा केला, आपली चूल वेगळी केली. देवघराच्या उंबऱ्याच्या आत मला येऊ देईनात. मी नवऱ्याला म्हणाले, "तुमी तरी काही बोला." ते म्हणाले, "तुमच्या दोघींत मी कामून पडू?" आणि पेपर उघडला.

मी काम सोडलं नाही. खरं सांगायचं तर हट्टानं सोडलं नाही. चौथीनंतर माझी शाळा सुटली, कारण आमच्या वस्तीवर चौथीपर्यंतच होती आणि पुढची ओढ्यापलीकडं. तेव्हा मला कुणी विचारलं नाही. लग्न ठरलं, तेव्हाही नाही. या एका कामाला मी स्वतःच्या मानेनं हो म्हटलं होतं. ते दुसऱ्याच्या नाकानं सोडायचं?

कॉलेजातही सगळे काही आनंदात नव्हते. मोठे सर एकदा नाकाला रुमाल लावून आले. "मॅडम, बाजारात सेलोफेनचा कागद मिळतो. तो लावा. वास नाही, कटकट नाही, आणि या बाईंची रोजची यात्राही नाही."

मॅडम म्हणाल्या, "सर, सेलोफेनला तोंड नसतं."

सर गेले. मॅडमनी खिडकी उघडली आणि मला म्हणाल्या, "वास मात्र खरंच येतोय हो." आम्ही दोघींनी मिळून फरशी पुसली.

मग तो श्रावण आला. मॅडमच्या पट्टीचे आकडे चांगले आले होते. त्यांनी ते कामाला पुढं पैसे मिळावेत म्हणून वर, पैसे देणाऱ्यांकडं पाठवले. तिकडून उलट प्रश्न आला: आकडे इतके चांगले कसे? कातडं शिळं असणार. ते कोण आणतं? मॅडमनी मला सगळं वाचून दाखवलं. लपवलं नाही. एक जाणकार गृहस्थ बाहेरून येणार होते. त्यांच्यासमोर प्रयोग पहिल्यापासून करून दाखवायचा होता. आकडे टिकले तर काम पुढं, नाही तर पट्टी कपाटात.

ते येणार होते श्रावणातल्या सोमवारी. आणि त्याच दिवशी आमच्या गल्लीतल्या सप्ताहाची समाप्ती होती. काल्याचं कीर्तन, मग आमच्याच अंगणात महाप्रसाद. आत्याबाईंनी वर्षभर वाट पाहिलेला दिवस.

आदल्या दिवशी भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "उद्याच्याला घरी ऱ्हा."

"उद्या जमायचं न्हाई आत्याबाई. उद्याच जावं लागतंय."

"खाटकाकडं?"

"हाव."

त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली. "मग ऐक भामे. काल्याच्या दिवशी तू त्या मुंडक्याला हात लावलास, तर मी मेल्यावर माझ्या तोंडात तुझ्या हातचं पाणी घालायचं न्हाई. पोरगा घालील, न्हाई तर कोरडी जाईन."

आमच्याकडं शेवटचं पाणी म्हणजे काय, हे सांगायला नको. ज्या सुनेच्या हातचं पाणी सासूनं नाकारलं, तिला जन्मभर लोक बोट दाखवतात. मी उठून आत गेले. रडले नाही. पीठ मळत बसले. मनात एकच चाललं होतं, की कातडं शिळं आहे असं जे म्हणाले, ते माझ्या कामाला म्हणाले. मॅडमच्या नव्हे, माझ्या. आता मी गेले नाही, तर ते खरं ठरतं.

सकाळी गेले, तर रशीदभाईंचं दुकान बंद. शेजारचीही बंदच. श्रावणी सोमवारी गिऱ्हाईकच नाही तर बकरा कापून कोण ठेवील? फोन लावला. रशीदभाई म्हणाले, "आपा, घर पे आव. नातीन का अकीका है."

अकीका म्हणजे लेकराच्या जन्मानंतर त्याच्या नावानं बकरा करतात तो. त्यांच्या घरी मांडव, बाया, पोरं, बिर्याणीचा वास. मी दारातच खांबाला टेकून उभी. रशीदभाई आले आणि डोकं खाजवत म्हणाले, "एक लफडा है. हमारे यहाँ अकीके की मुंडी नाई का हक़ है. मेरी नहीं चलती." आणि त्यांनी आतून एका म्हाताऱ्या न्हाव्याला बोलावलं. बाबूमियाँ. बाळाचं जावळ काढून आलेले, खांद्यावर टॉवेल तसाच.

सगळा मांडव माझ्याकडं बघत होता. जीभ टाळूला चिकटलीच. पण समोर बर्फ वितळत होता, आणि तिकडं ते गृहस्थ येऊन बसले असणार.

"मला मुंडकं नको," मी म्हणाले. "नुसता आतला गाल द्या. बाहेरून दिसायचं बी न्हाई. ज्याला गिळता येत न्हाई, त्याच्या औषधासाठी हाय."

बाबूमियाँनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जिंदगीभर लोगां के गालां छीला मैं," ते म्हणाले. "आज पहली बार कोई मेरे कने गाल मांगने आया." मग टॉवेलनं हात पुसले. "लेव आपा. दोनों बाजू का लेव."

मी पोचले तेव्हा ते गृहस्थ चष्मा पुसत बसले होते. त्यांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली, वास घेतला. विचारलं, "हे कधीचं?"

मॅडम म्हणाल्या, "यांनाच विचारा."

"आज सकाळचं," मी म्हणाले. "न्हाव्याच्या हक्काचं हाय. पटत नसल तर त्याला फोन लावते."

ते हसले नाहीत. मॅडम मात्र खाली बघून ओठ चावत होत्या.

त्यांनी एका भांड्यात पट्टीऐवजी लाल रंग टाकायला लावला. कातडं धड असेल तर तो रंग खाली उतरत नाही. फाटकं, शिळं असेल तर खालचं पाणी गुलाबी होतं. दिवसभर ते भांडं माझ्या डोळ्यांसमोर होतं. शेजारच्या भांड्यांतून पाणी काढलं जात होतं, मॅडम यंत्रावर आकडे बघत होत्या, आणि मी त्या एका भांड्याकडं बघत होते. वर लाल, खाली पाणी. तिकडं आमच्या अंगणात पंगत बसली असेल. इथं खालचं पाणी स्वच्छ. उन्हं कलली, तरी स्वच्छ.

आकडे आधीच्यापेक्षा थोडे उतरले, पण टिकले. गृहस्थ मॅडमना म्हणाले, "काम नीट आहे. पुढं चालू ठेवा." जाताना माझ्यापाशी थांबले. "तुमचं शिक्षण?"

"चौथी."

"बरं," म्हणाले आणि गेले. माणूस वाईट नव्हता. त्याला शंका घ्यायचाच पगार असतो.

पुढं ते काम कुठल्याशा मोठ्या मासिकात छापून आलं. त्यात माझं नाव नाही. बकऱ्याचंही नाही. लातूरच्या एका कॉलेजनं मॅडमना विचारलं, आम्हालाही असं कातडं पाठवाल का? मॅडमनी कळवलं, बसच्या प्रवासात ते शिळं होईल, कातडं नाही पाठवत, भामाबाईंना पाठवते. मी लातूरला जाऊन तिथल्या मदतनिसाला सगळं शिकवून आले. गडी सहा फुटी, मिशीवाला. मुंडकं उघडल्याबरोबर बाकावर बसला. मीच त्याला पाणी दिलं.

एक गोष्ट मनाला लागते, ती लिहिते. ती पट्टी अजून कुठल्याही दुकानात मिळत नाही. मॅडम म्हणतात, प्रयोगशाळेतून दुकानात जायची वाट गालापेक्षा अवघड आहे. मध्ये खाणारे फार.

त्या काल्याच्या दिवशी मी घरी आले तेव्हा पंगती उठल्या होत्या. आत्याबाई दारात प्रसाद वाटत होत्या. माझ्या पुढच्याला दिला, मागच्याला दिला. मी हात पुढं केला नाही आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या दिवशी त्यांनी "हात धुतलेस का" हेही विचारलं नाही. त्यानंतर कधीच नाही. रोजच्या त्या प्रश्नाचा मला किती राग यायचा. तो बंद झाल्यावर घर ओसाड वाटायला लागलं.

गेल्या हिवाळ्यात आत्याबाई अंगणात सडा टाकता टाकता पडल्या. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणं गेलं. दवाखान्यात नाकातून नळी घातली. औषध, दूध, सगळं नळीतून. सिस्टर म्हणाली, तोंडातून काही द्यायचं नाही, पाणी तर अजिबात नाही, ठसका लागेल. नुसतं ओल्या फडक्यानं तोंड आतून पुसत जा, कोरडं पडलं की आत जखमा होतात.

नवऱ्यानं फडकं घेतलं. ते भीत भीत ओठ पुसत होते, आत हात जाईना. मी म्हणाले, "द्या इकडं."

ते घुटमळले. "आईनं तुला सांगितलंय ना... तुझ्या हातचं पाणी..."

"मेल्यावर घालू नको म्हणाल्यात," मी म्हणाले. "अजून मेल्या न्हाईत त्या."

एवढं मोठं वाक्य मी नवऱ्याला पहिल्यांदाच बोलले असेन. त्यांनी फडकं दिलं.

गालाची आतली बाजू मला जगातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त ओळखीची आहे. ती कुठं पातळ असते, कुठं बोट लावलं की दुखतं. मी फडकं घट्ट पिळून घेतलं आणि गालाच्या आतून हलकेच फिरवायला गेले. आत्याबाईंनी ओठ गच्च मिटले. अर्धंच तोंड हलत होतं, पण त्या अर्ध्यानंही मिटले. डोळे माझ्यावर. मी म्हणाले, "मिटा. मी बसलेय हितंच." आणि बसून राहिले. त्यांचा डोळा लागला की पुसून घ्यायची. जाग आली की पुन्हा तोंड बंद. माझा हट्ट मला कुणाच्या शेजारी राहून आला, ते तेव्हा कळलं.

असे बरेच दिवस गेले. हळूहळू वाचेत थोडं थोडं येऊ लागलं. आधी नुसता घोगरा आवाज, मग अर्धे शब्द. एका सकाळी मी कॉलेजातून रजा टाकून आले. त्याआधी खाटकाकडं जाऊन कातडं मॅडमच्या हातात देऊन आले होते, ते चुकवलं नव्हतं. खाटेशी आले, फडकं भिजवलं, पिळलं. आत्याबाईंनी माझ्या हाताकडं पाहिलं. वाकडं तोंड हललं. एकेक अक्षर ओढून काढत त्या म्हणाल्या, "हात... धुतलेस... का?"

धुतले होते. साबण लावून, दोनदा. पण हात घ्यायचा तर त्यांनी मुंडकेवालीचाच घ्यावा.

मी म्हणाले, "न्हाई."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी तोंड उघडलं.